भिरभिरं, वातपिशवी, किणकिण: टाकाऊ वस्तूंतून मुलांसोबत करायच्या वाऱ्यावरच्या गोष्टी (मापांसकट)

कानस

सुट्टी लागली की बाटल्या, डबे, खोकी कापून बाहेर टांगायच्या शोभेच्या वस्तू घरोघर होतात. त्यातल्या बऱ्याच दोन दिवसांत फिरायच्या थांबतात आणि पंधरा दिवसांत फाटून शेजारच्या गटारात जातात. सगळी मेहनत रंगावर जाते आणि आसाकडे कोणी बघत नाही. वाऱ्यावरची वस्तू म्हणजे आधी फिरणारी वस्तू, मग शोभेची. म्हणून हा धागा. इथे कृपया मापांसकट लिहा आणि काय बिघडतं तेही लिहा.

सुरुवात भिरभिऱ्यापासून करतो.

पातं कशाचं करायचं? दुधाची पिशवी लुळी पडते. वर्तमानपत्र दवाने ओलं होतं. सर्वांत चांगलं म्हणजे फळांच्या रसाचं किंवा दुधाचं टेट्रापॅकचं खोकं. आत कागदाचा, प्लास्टिकचा आणि ॲल्युमिनियमचा थर असल्यामुळे दिलेला बाक ते धरून ठेवतं आणि पावसाच्या सरीतही टिकतं. चांदीसारखी बाजू आपोआप मिळते, त्यामुळे रंगाचीही गरज नाही. एक लिटरचं खोकं उभं कापून उघडायचं, साबणाच्या पाण्याने धुऊन सावलीत वाळवायचं. नीट धुतलं नाही तर मुंग्या लागतात आणि वास येतो. त्यातून १४ सेमीचे दोन चौकोन निघतात.

चौकोनाचे दोन्ही कर्ण पेन्सिलने आखायचे. प्रत्येक कोपऱ्यापासून मध्याकडे ७ सेमी कापायचं. मध्याभोवती जवळजवळ ३ सेमी न कापलेलं राहायला हवं. त्याहून आत कापलं तर पहिल्याच झोताला पातं मुळापासून फाटतं. कापल्यावर आठ टोकं होतात, त्यातलं एक सोडून एक असं चारच मध्यावर आणायचं. मुलं इथे हमखास चुकतात, म्हणून आधीच त्या चार टोकांवर ठिपके काढून ठेवा. टोकांना छिद्र पंचिंग मशीनने नको, ते फार मोठं पडतं. दाभणाने पाडा.

आता आस. इथेच खरं काम आहे. टाचणी ठोकलेलं भिरभिरं फिरतं, पण टाचणी गंजते आणि पातं तिला घासून छिद्र मोठं होत जातं. त्यापेक्षा रिकाम्या बॉलपेन रिफिलचा २ सेमी तुकडा घ्या. चारही टोकं आणि मधलं छिद्र त्यावर ओवा. सायकलच्या जुन्या ट्यूबमधून नाण्याएवढ्या दोन चकत्या कापा, त्यांना मध्ये छोटं छिद्र पाडा आणि रिफिलच्या दोन्ही टोकांवर घट्ट बसवा. फेव्हिकॉल टेट्रापॅकच्या प्लास्टिक थराला धरत नाही, रबराची चकती धरते. आता रिफिलसकट चाक एकत्र फिरेल आणि घासणी फक्त तार आणि रिफिल यांच्यात होईल.

तार १८ गेजची, म्हणजे साधारण १.२ मिमी जाडीची, १२ सेमी लांब. पुढच्या टोकाला पकडीने बारीक वेटोळं, मग एक मणी, मग चाक, मग मागे मणी, मग काठी. मागच्या मण्यांची मिळून जाडी १ सेमी तरी हवी. वारा चाकाला मागे ढकलतो. जागा कमी असेल तर पाती काठीला घासतात. 'कमी वाऱ्यात फिरतं, जोराच्या वाऱ्यात अडकतं' या तक्रारीचं कारण बहुतेक वेळा हेच.

काठी बांबूची, ६० सेमी. वरून ३ सेमीवर गिरमिटाने छिद्र. बांबू तिथे चिरतो, म्हणून आधी छिद्राच्या वर आणि खाली दोऱ्याचे पाच-सहा वेढे घट्ट बांधून मगच गिरमिट चालवा.

---

बालवाडी

उत्तम धागा. कोणत्या वयाला काय द्यायचं ते लिहिते, म्हणजे सगळं काम मोठ्यांनी करून मुलं नुसती बघत बसत नाहीत.

चार ते सहा वर्षं: धुणं, पुसणं, मणी ओवणं, चिंध्या फाडणं, ठिपके काढणं. चिंधी फाडायला मोठ्यांनी कडेला २ सेमीची चीर देऊन ठेवावी, पुढचं मूल ओढून फाडतं. सुती कापड धाग्याच्या रेषेत सरळ फाटतं, सिंथेटिक ताणलं जातं.

सात ते नऊ: टेट्रापॅक कात्रीने कापणं, मोजणं, आखणं, गाठ मारणं, साधा धावदोरा.

दहाच्या पुढे: दाभण, गिरमिट, पकड, कानस, मोठं माणूस शेजारी बसलेलं असताना. कटर, इस्त्री आणि हॅक्सॉ ब्लेड मोठ्यांच्याच हातात.

पत्र्याचे डबे लहान मुलांच्या कामात आणूच नका. कापलेली कड बोट चिरते आणि घासून घासूनही कुठेतरी एक कुसळ राहतंच. डबा वापरायचाच तर अख्खा वापरा, न कापता.

---

कामटी

वरच्या काठीसाठी एक सूचना. संक्रांत झाली की झाडांवर, गच्चीवर फाटके पतंग पडलेले असतात. त्यांच्या कामट्या घरी आणा. हलक्या, लवचिक, आधीच तासलेल्या. वातपिशवीच्या (वारा भरला की त्याची दिशा दाखवणारी कापडी नळी) शेपट्या ताणून धरायला किंवा लहान भिरभिऱ्याच्या शेपटाला त्या उपयोगी पडतात.

पण पतंगासोबतचा मांजा घेऊ नका. 'फुकटचा मजबूत दोरा' म्हणून तो गुंडाळून ठेवायचा मोह होतो. काचेची धार असलेला दोरा मुलांच्या हातात नको, आणि बाहेर टांगलेल्या वस्तूला तर मुळीच नको. सुटलेलं टोक वाऱ्यावर लोंबतं आणि पक्ष्याच्या पंखात अडकतं. नायलॉन आणि कृत्रिम धाग्याच्या मांज्यावर राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्ये देशभर बंदी घातली, ती याच कारणाने. सापडला तर हातमोजे घालून गोळा करा, बारीक तुकडे करा, कागदात घट्ट गुंडाळून कचऱ्यात द्या.

दोरा कोणता? सुतळी एका पावसाळ्यात कुजते. सुती दोरा ताणून लांब होतो. कपडे वाळत घालायची नायलॉनची जुनी दोरी उसवली की बारीक पेड मिळतात, ते सर्वांत बरे. नायलॉनची गाठ सुटते, म्हणून दुहेरी गाठ मारून टोक पेटत्या उदबत्तीने वितळवा.

---

दाभण_दोरा

उदबत्तीचा उल्लेख आलाच आहे तर वातपिशवी सांगते. मोडक्या छत्रीचं कापड यासाठीच जन्माला आलंय असं वाटावं इतकं योग्य असतं. पाणी धरत नाही, दोन मिनिटांत वाळतं, वजन नाही. सुती कापडाची पिशवी दवाने जड होऊन सकाळभर लोंबत राहते.

मोठ्या छत्रीला आठ पाकळ्या असतात, दोन पाकळ्यांत एक पिशवी होते. म्हणजे एका छत्रीत चार. आधी काड्यांना शिवलेले टाके उसवा. ते काम मुलांना आवडतं. काड्या मात्र लगेच बाजूला करा, टोकं डोळ्याला लागतात.

तोंडाची कडी: शीतपेयाच्या दोन लिटरच्या गुळगुळीत बाटलीचा २.५ सेमी रुंद पट्टा. त्याचा घेर साधारण ३४ सेमी भरतो, म्हणजे तोंड ११ सेमी. कापलेली कड मोठ्यांनी मंद गरम इस्त्रीवर क्षणभर टेकवून फिरवायची. ती आतल्या बाजूला किंचित वळते आणि धार जाते. इस्त्रीवर मध्ये बेकिंगचा कागद ठेवा. कडी जास्त वेळ टेकवली तर आकसते आणि घेर कमी होतो, म्हणून कापड कापायच्या आधी हे उरका आणि घेर पुन्हा मोजा.

कापड: प्रत्येक पाकळीतून एक तुकडा, वर १९.५ सेमी, खाली १०.५ सेमी, लांबी ४० सेमी. वरची कड दुमडायला २ सेमी जास्त मिळाली तर घ्या. दोन तुकडे उलटे जुळवून दोन्ही बाजूंनी १ सेमी शिवण. सुलटं केलं की वर ११, खाली साधारण ५.५ सेमी तोंडाची नळी तयार. वरची कड कडीवर दुमडून टाके घाला.

हे प्रमाण मनाचं नाही. विमानतळावरच्या वातपिशवीचं आंतरराष्ट्रीय माप लांबी किमान ३.६ मीटर आणि मोठ्या तोंडाचा व्यास किमान ०.९ मीटर, म्हणजे चारास एक. आपलं ४० ला ११ त्याच्या जवळ जातं. लांबी तोंडाच्या दुप्पटच ठेवली तर पिशवी फुगते पण डोलत नाही. फार लांब केली तर हलक्या वाऱ्यात उठतच नाही. खालचं तोंड बंद करायचं नाही. हवा बाहेर पडली नाही तर पिशवी जागच्या जागी धडपडते आणि शिवण फाटते.

कडीला समान अंतरावर तीन छिद्रं, घेर ३४ म्हणजे दर ११.३ सेमीवर. प्रत्येकातून २५ सेमी दोरा, तिन्ही एकत्र बांधून फिरत्या कडीला. मासेमारीच्या सामानाच्या दुकानात गळासाठी जी छोटी फिरती कडी मिळते तीच. ती नसेल तर पिशवी गोल फिरून दोरा पिळतो, मग उलटी फिरते, आणि आठवड्यात दोरा गाठीपाशी तुटतो. तिन्ही दोरे सारखे हवेत. एक तोकडा असेल तर तोंड तिरपं होऊन वारा आत शिरत नाही.

शेपट्या: जुन्या सिंथेटिक साडीच्या ३ सेमी रुंद, ५० सेमी लांब पट्ट्या, सहा पुरेत. कडा उसवू नयेत म्हणून पेटती उदबत्ती कडेवरून हळू ओढायची, मोठ्यांनी, उघड्यावर. मुलं लांब उभी राहू देत, वितळलेलं कापड कातडीला चिकटतं. आकाशकंदिलाच्या पतंगी कागदाच्या शेपट्या दिसायला सुंदर असतात, पण बाहेर कायम ठेवायला त्या नाहीत.

एक आग्रहाची गोष्ट. १५ ऑगस्ट, २६ जानेवारीनंतर रस्त्यावर पडलेले कागदी तिरंगे गोळा करून त्यांच्या शेपट्या करू नका. राष्ट्रध्वज शोभेची पट्टी म्हणून वापरायला ध्वजसंहितेची मनाई आहे. ते सन्मानाने वेगळे ठेवा.

---

नववा_मजला

प्रश्न. आमच्यासारख्या तीन बाजूंनी बंद बाल्कनीत भिरभिरं फिरतच नाही. वारा असतो, पण चाक कधी इकडे कधी तिकडे हलून थांबतं. काय करावं?

---

कानस

नववा_मजला, बंद बाल्कनीत वारा सरळ येत नाही, भिंतीला आपटून भोवऱ्यासारखा फिरतो. भिरभिऱ्याला समोरून वारा लागतो. दिशा बदलत राहिली की ते थांबणारच. तिथे उभ्या आसाची वस्तू हवी, जिला दिशेचं काही नाही. बाटलीची फिरकी करा.

एक लिटरची गुळगुळीत बाटली घ्या. पाण्याच्या बाटल्यांवर वळ्या असतात, त्यांवर घडी सरळ पडत नाही. लेबल काढा, तेलाचा बोळा फिरवला की चिकट डिंक निघतो. मधल्या सरळ भागावर सहा झडपा आखा. प्रत्येक १० सेमी उंच, २.५ सेमी रुंद, दोन झडपांमध्ये दीड सेमी पट्टी शिल्लक. घेर साधारण २५ सेमी असतो, थोडा फरक पट्ट्यांत वाटून घ्या. झडपेच्या तीन बाजू कापा, चौथी बिजागरी. सगळ्या बिजागऱ्या एकाच बाजूला. सहातली एक उलटी झाली तर ती ब्रेकसारखं काम करते. बिजागरीच्या रेषेवर आधी न लिहिणाऱ्या बॉलपेनने दाबून रेघ ओढा, मग पट्टी लावून झडप बाहेर वळवा. कोन साधारण ४५ अंश. पूर्ण ९० अंश उघडल्या तर मधल्या पट्ट्या कमकुवत पडून बाटली पिळवटते.

झाकणाच्या मध्यात तापवलेल्या खिळ्याने छिद्र, त्यातून दोरा, आत मोठा मणी आणि गाठ. वर फिरती कडी. तळाला दोन छिद्रं पाणी जायला, ती विसरू नका.

नवव्या मजल्यावर दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. कठड्याच्या आतल्या बाजूला टांगा. बाहेर काहीही नको, मग ते बाटलीएवढं हलकं का असेना. आणि मुख्य दोऱ्याशिवाय एक सैल जादा दोरा बांधा, पहिला तुटला तर वस्तू त्यावर लोंबेल.

---

नववा_मजला

झडपा ४५ अंशांवर राहत नाहीत, हळूहळू मिटतात. रंगही पोपडे येऊन निघतोय. पोस्टर कलर वापरला होता.

---

कानस

मिटतात कारण घडी खोल पडलेली नाही. झडप एकदा पूर्ण उलटी, ९० च्याही पुढे नेऊन मग परत ४५ वर आणा. तरीही मिटली तर बिजागरीवर गरम चमच्याची मागची बाजू दोन सेकंद टेकवा.

पोस्टर कलर गुळगुळीत बाटलीवर टिकत नाही, त्याला धरायला काही नसतं. बारीक काचकागदाने पृष्ठभाग पांढुरका होईपर्यंत घासून ॲक्रिलिक रंग लावला तर बरा टिकतो. पण घासायच्या आणि रंगवायच्या ऐवजी हिरवी बाटली निवडणं जास्त शहाणपणाचं. ज्या वस्तूला स्वतःचा रंग आहे तीच घ्या.

---

षड्ज

किणकिण, म्हणजे वाऱ्यावर वाजणाऱ्या नळ्यांबद्दल. इथे मापं सर्वांत महत्त्वाची, आणि मुलांना भागाकार-वर्गमूळ शिकवायला याहून चांगलं निमित्त नाही.

चमचे, किल्ल्या, झाकणं टांगली की खडखड होते. सूर हवा असेल तर पोकळ नळी हवी. पडद्याचा जुना रॉड चालतो, साधारण १९ मिमी जाडीचा. आधी तो वाजतो का ते बघा. रॉडच्या लांबीच्या २२.४ टक्के अंतरावर दोऱ्याचा फास अडकवून धरा आणि मध्यावर लाकडाने ठोका. नाद दोन-तीन सेकंद रेंगाळला तर चांगला. काही स्वस्त रॉड पत्रा गुंडाळून नुसते दुमडलेले असतात, शिवण जोडलेली नसते. ते 'थप' असा आवाज करतात. ते सोडून द्या.

२२.४ टक्के का? मोकळ्या नळीवर ठोकलं की ती धनुष्यासारखी वाकून कंप पावते. तेव्हा दोन जागा स्थिर राहतात, दोन्ही टोकांपासून लांबीच्या ०.२२४ पट अंतरावर. तिथे धरलं तर नाद दबत नाही. अगदी टोकाला छिद्र पाडून टांगलेली नळी लवकर मुकी होते, कारण टोक सर्वांत जास्त हलतं आणि दोरा तेच हलणं गिळतो.

लांबी आणि सूर यांचं नातं: एकाच रॉडच्या तुकड्यांत कंपनसंख्या लांबीच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असते. म्हणजे वरच्या सा साठी लांबी निम्मी करायची नाही, ०.७०७ पट करायची. बासरीच्या सवयीने निम्मी केली तर सूर दोन सप्तकं वर जातो.

भूप लावायचा असेल तर (पाचच सूर, आणि कोणतेही दोन एकत्र वाजले तरी कानाला बोचत नाहीत, वाऱ्याला क्रम कोण सांगणार!) सा ४० सेमी धरून:

सा – ४०.० सेमी, छिद्र टोकापासून ९.० वर
रे – ३७.७, छिद्र ८.४ वर
ग – ३५.८, छिद्र ८.० वर
प – ३२.७, छिद्र ७.३ वर
ध – ३१.०, छिद्र ६.९ वर
वरचा सा – २८.३, छिद्र ६.३ वर

एकूण २०५.५ सेमी, त्यामुळे सात फुटी एका रॉडमध्ये सहाही बसतात. दोन वेगळ्या रॉडचे तुकडे मिसळू नका, जाडी किंवा पत्रा बदलला की हे गणित कोसळतं. सा कितीचाही घ्या, बाकीच्या लांब्या अनुक्रमे ०.९४३, ०.८९४, ०.८१६, ०.७७५ आणि ०.७०७ ने गुणून काढा.

कापताना प्रत्येक तुकडा २ मिमी जास्त ठेवा. टोक कानसीने घासून सूर चढवता येतो, उतरवता येत नाही. घासायचं काम मुलांचं, तंबोऱ्याचं किंवा पेटीचं ॲप लावून कान देऊन करायचं. मूल 'आता लागला' म्हणेपर्यंत थांबा, मधे बोलू नका. छिद्र मात्र सूर लागल्यावर पाडा, ३ मिमीचं, आरपार. छिद्राची कड दोरा कापते, म्हणून आतून-बाहेरून काचकागद फिरवा.

मांडणी: वर जुन्या डब्याचं जाड झाकण. त्यावर ११ सेमी व्यासाचं वर्तुळ आणि सहा समान छिद्रं (वर्तुळाच्या त्रिज्येचाच कंपास लावत गेलं की सहा भाग आपोआप पडतात). मध्ये लोलक, मोडक्या लाटण्याचा २ सेमी जाड काप. तो चारेक सेमी व्यासाचा असतो, म्हणजे नळीपर्यंत अडीच सेमी अंतर राहतं. अंतर एक सेमीच असेल तर लोलक नळ्यांना टेकून राहतो आणि नाद मारतो. चार सेमी असेल तर साध्या झुळुकीला पोहोचत नाही.

लोलक सगळ्या नळ्यांच्या मध्यावर लागायला हवा, म्हणून नळ्यांची वरची टोकं एका रेषेत नकोत, मध्य एका रेषेत हवेत. सर्वांत छोट्या नळीचा दोरा सर्वांत मोठीपेक्षा ३.२ सेमी लांब येतो. मुलांनी नळीच्या मध्यावर चिकटपट्टीची खूण केली की हे डोळ्यांनीच जमतं.

लोलकाखाली दोऱ्याला पान, जे वारा पकडतं. खाद्यतेलाच्या पाच लिटरच्या कॅनचा १० बाय १४ सेमी तुकडा, सर्वांत लांब नळीच्या टोकाखाली १५ सेमी. पान नळ्यांच्या मध्ये टांगलं तर वारा अडतो आणि काहीच वाजत नाही.

---

माडाखाली

षड्ज, सुंदर. किनाऱ्यावर मात्र लोखंडी रॉड चालत नाही. वरचा मुलामा कापलेल्या टोकापासून सुटतो आणि खाऱ्या हवेत एका हंगामात पापुद्रे निघतात. इकडे ॲल्युमिनियम घ्यावं किंवा सरळ बांबू आणि करवंटी.

करवंटीला सूर नसतो, 'टक टक' असा गोड कोरडा आवाज असतो. झोपेच्या वेळीही तो खुपत नाही. नारळ फोडतानाच मधोमध फुटेल असा फोडायचा. काथ्या काचेच्या तुकड्याने खरवडतात तसं मुलांकडून नको, खडबडीत काचकागद द्या, वेळ लागतो पण होतं. आत ओल्या खोबऱ्याचा अंश राहिला तर बुरशी आणि उंदीर दोन्ही येतात. दोन दिवस कडक उन्हात वाळवा. छिद्र डोळ्याच्या जागी पाडायचं, तीन डोळ्यांपैकी एक मऊ असतो, तिथे दाभणही जातं. वाटी पालथी टांगायची. उताणी टांगली तर पावसाचं पाणी साचतं आणि आठवड्याभरात डासांच्या अळ्या होतात. झाकणं, डबे, सगळ्यांना हाच नियम.

पाच करवंट्या एकाखाली एक, मधलं अंतर असं की हलल्यावर कडा एकमेकींना लागाव्यात, बहुधा ४-५ सेमी. प्रत्येकीखाली गाठ आणि गाठीवर ट्यूबच्या रबराची चकती, नाहीतर करवंटी गाठीवरून घसरते.

वेळेबद्दलही मुलांना सांगा. किनाऱ्यावर खारे वारे साधारण दहा-अकरानंतर सुरू होतात, दुपारी जोरात, सूर्य मावळल्यावर पडतात. रात्री जमिनीकडून मतलई येतात, पण हलके. वातपिशवी टांगून दर दोन तासांनी तिची दिशा वहीत लिहिली तर भूगोलाच्या पुस्तकातली ती आकृती आठवड्यात स्वतः काढता येते.

---

कामटी

घाटावर हेच सकाळी करून बघाल तर हाती काही लागणार नाही. हिवाळ्यात सकाळी हवा अगदी पडलेली असते. दुपारी दोन-चारच्या दरम्यान बघा. आणि वाऱ्याची जागा पारखायची तर आधी वस्तू टांगू नका. काठीला फूटभर लोकर बांधून अंगणात चार ठिकाणी उभं राहा. भिंतीजवळ लोकर गोल गोल फिरते, उघड्यावर एका दिशेला ताणते. भिरभिरं आणि वातपिशवी ताणते तिथे, फिरकी गोल फिरते तिथे.

---

कानस

उघड्यावरच्या भिरभिऱ्याला स्वतःहून वाऱ्याकडे वळवायचं असेल तर एक भर. वीजजोडणीच्या २५ मिमी पाइपचा ४० सेमी तुकडा अर्धा जमिनीत पुरा. आत एक काचेची गोटी टाका आणि वर भिरभिऱ्याची काठी सोडा, दीड सेमी जाडीची. काठीचं खालचं टोक गुळगुळीत आणि किंचित खोलगट केलं की ती गोटीवर अलगद वळते. चाकाच्या मागे आडव्या कामटीवर, काठीपासून २० सेमीवर, टेट्रापॅकचं १० बाय १५ सेमीचं शेपूट. वारा शेपटाला मागे नेतो आणि चाक आपोआप समोर येतं. शेपूट चाकापेक्षा फारच लहान असेल तर उलटं होतं, चाक मागे जातं आणि थांबतं. पाइपात माती गेली की अडकतं, म्हणून काठीवर पाइपाच्या तोंडाशी ट्यूबच्या रबराची छत्री बसवा.

---

बालवाडी

थर्माकोलबद्दल कोणी विचारायच्या आत लिहिते: सजावटीचं थर्माकोल, प्लास्टिकच्या स्ट्रॉ, फुग्यांच्या प्लास्टिक काड्या, प्लास्टिकचे झेंडे यांच्यावर १ जुलै २०२२ पासून देशभर बंदी आहे. घरात जुनं पडलेलं असलं तरी बाहेर टांगायला घेऊ नका, वाऱ्याने त्याचे दाणे होतात आणि ते गोळा करता येत नाहीत. स्ट्रॉच्या जागी दोन मण्यांमधल्या अंतरासाठी संपलेल्या पेनच्या नळ्या कापून घ्या.

जुन्या सीडी चमकतात म्हणून मुलांना आवडतात. कात्रीने कापल्या तर तडकून अणकुचीदार तुकडे उडतात. अख्खीच टांगा, आणि पक्ष्यांच्या पाण्याच्या भांड्यापासून लांब. शेतात त्या पक्षी हाकलायलाच बांधतात.

---

नववा_मजला

सोसायटीत किणकिण रात्री वाजली तर तक्रार होणार. सोडवायचं कसं?

---

षड्ज

लोलकाचा दोरा थेट झाकणाला बांधू नका. झाकणाच्या मध्यात तारेचा छोटा आकडा करा आणि लोलक त्यात अडकवा. संध्याकाळी लोलक काढून ठेवायचा, सकाळी लावायचा. हे काम घरातल्या लहानाला नेमून द्या. नळ्या एकमेकींत साडेतीन सेमीच्या आसपास लांब असल्याने साध्या वाऱ्यात लोलकाशिवाय वाजत नाहीत.

---

दाभण_दोरा

आणि उतरवायची तारीख आधीच ठरवा. बाटलीचं प्लास्टिक उन्हाने पिवळट पडून ठिसूळ होतं. एका उन्हाळ्यानंतर झडप वाकवली की मोडते. अशी वस्तू पावसाळ्याच्या पहिल्या वादळात तुकडे होऊन उडते. मेच्या शेवटच्या आठवड्यात सगळं खाली घ्या. फिरत्या कड्या, मणी, तारा, नळ्या धुऊन डब्यात. लोखंडी भागांना खोबरेल तेलाचं बोट. बाटल्या कापलेल्या असल्या तरी सुक्या कचऱ्यात जातात, फक्त दोरा आणि मणी त्यातून काढून द्या. दोरा गुंतलेला माल वेगळा करणाऱ्याच्या हाताला लागतो.

छत्रीची वातपिशवी मात्र पावसातही राहू शकते. तिची शिवण दर महिन्याला बघायची, आणि कडीजवळचे टाके सैल वाटले की लगेच दोन जादा घालायचे. तिथूनच ती सुटते.

---

माडाखाली

दाभण_दोरा ताई, शेपट्या मात्र पावसात काढा. ओल्या झाल्या की एकमेकींना चिकटून दोरखंड होतो आणि पिशवीचं तोंड खाली ओढलं जातं. कडेच्या दोनच ठेवल्या तर चालतं.